उलटा ठेवलेला दगड

रेगुलाला आधी हातोडा दिसला. भेगेच्या तोंडाशी, खडकाच्या सांदीत घट्ट ठोकून बसवलेला, नवा कोरा. दांड्यावर तापल्या सळईने उमटवलेली दोन अक्षरं होती, गावातल्याच एवाल्ड गोर्साटची. तिच्या वडिलांची छिन्नी त्याच जागी एकतीस वर्षं होती. ती कुठेच नव्हती.

स्वित्झर्लंडमधल्या वालिसच्या या डोंगरांत स्फटिक शोधणाऱ्यांचा नियम साधा आहे. ज्याचं हत्यार भेगेच्या तोंडाशी, त्याची भेग. दोन उन्हाळ्यांत एकदा तरी तिथे काम झालं पाहिजे आणि येणाऱ्याला हत्यार दिसलं पाहिजे. कागद नाही, सही नाही. मागच्या सप्टेंबरात रेगुला एकटीच येऊन दिवसभर खोदून गेली होती. म्हणजे काम झालं होतं. पण भेगेवरच्या कड्याचा एक तुकडा हिवाळ्यात सुटला होता आणि खाली दगडांचा नवा ढीग पडला होता. छिन्नी त्याखाली असणार. तिने दोन तास दगड उपसले, मग ती उतरली.

घराबाहेरच्या बाकावर तिचे वडील अल्फोन्स टेनिश दुर्बीण मांडीवर घेऊन बसले होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून त्यांचा डोंगराशी संबंध तेवढाच उरला होता.

"छिन्नी गेली ना?" त्यांनी विचारलं.

"गेली. एवाल्डकाकांचा हातोडा आहे तिथे."

अल्फोन्सनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. त्या भेगेतून त्यांना आयुष्यात एकच चांगला दगड मिळाला होता, अनाटेस या दुर्मीळ स्फटिकांचा. खरा साठा अजून आतच आहे, असं ते तेव्हापासून सांगत आले होते आणि गाव तेव्हापासून हसत आलं होतं. आता तो साठा निघाला, तरी एवाल्डच्या नावावर निघणार होता.

दुसऱ्या दिवशी एवाल्ड त्याच्या गॅरेजमध्ये बादलीत स्फटिक घासत बसला होता. रेगुलाचं म्हणणं त्याने मान वर न करता ऐकलं.

"तुझ्या बाबाच्या या डोंगरात किती भेगा आहेत, माहितीये? गप्पा मारायला बसला की प्रत्येक कड्यात एक निघते."

"म्हणजे ते खोटं बोलतात?"

"नाही गं. म्हातारा झालाय, एवढंच म्हणतोय. मी त्याच्या वयाचा होईन तेव्हा अख्खे आल्प्स माझे असतील."

"छिन्नी ढिगाखाली आहे, काका."

"असेल. मग आण. मी गेलो तेव्हा तिथे काही नव्हतं. मी नीट बघितलं, दोनदा."

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. हीच अडचण होती.

"आमच्या कपाटातला अनाटेस त्याच भेगेतला आहे," रेगुला म्हणाली. "त्याची तुटलेली बाजू अजून तशीच आहे. मी तो वर नेते आणि भिंतीला लावून दाखवते. जुळला तर?"

एवाल्डने घासणं थांबवलं. "अल्फोन्स तो दगड घराबाहेर देणार? मला त्याने कधी भिंगसुद्धा लावू दिलं नाही. म्हणाला, तुझा श्वास लागेल."

"जुळला तर?"

"हातोडा काढतो. नाही जुळला तर हा विषय पुन्हा नाही. कबूल?"

"कबूल."

अल्फोन्सनी कपाट उघडायला बराच वेळ लावला. दगड दोन किलोंचा, पांढुरका. त्यावर गव्हाच्या दाण्यापासून बोटाच्या पेरापर्यंत लांबीचे निळसर काळे स्फटिक होते, दोन्ही टोकांना निमुळते. कडेने उजेड आला की मधासारखे पिवळे व्हायचे. गावात पाहुणे आले की त्यांना हाच दगड दाखवायला आणत. रुटाइल, ब्रुकाइट आणि अनाटेस, ही तिन्ही खनिजं टायटॅनियम आणि ऑक्सिजनचीच, प्रमाणही सारखंच. फक्त कण वेगळ्या तऱ्हेने रचलेले. रुटाइलच्या तांबूस सुया या भागात पुष्कळ सापडतात. असा अनाटेस क्वचित.

"जुळेल ना, बाबा?"

"तू मला विचारतेस?"

"तुम्हीच काढलाय."

"काढला नाही. सुटा पडला होता, उजव्या भिंतीपाशी. म्हणून मी उजवीकडेच खोदत राहिलो. त्या भिंतीवर मी किती घाव घातलेत, कुणास ठाऊक." त्यांनी दगड आपल्या जुन्या लोकरी बनियनमध्ये गुंडाळला. "आपटू नकोस."

शनिवारी रेगुला आणि एवाल्ड दोघं वर पोचली तेव्हा सावल्यांत बर्फाची पहिली भुकटी होती. वाकून भेगेत शिरल्यावर रेगुलाने दगड उजव्या भिंतीला लावला. बसेना. फिरवून लावला, खाली सरकवला, वर सरकवला. भिंत घाव खाऊन खाऊन गुळगुळीत झाली होती. दगड तिच्या बोटांतून निसटू लागला.

"थांब, पडेल तो," एवाल्ड म्हणाला. "इकडे दे. आता तरी भिंग लावू दे."

तो भेगेच्या तोंडाशी उजेडात बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "कपाटात हा असाच ठेवता? स्फटिक वर करून?"

"हो. टोकं कशी स्वच्छ आहेत, ते बाबा सगळ्यांना दाखवतात."

"टोकं स्वच्छ आहेत. आणि बुडाशी बघ."

तिने भिंगातून पाहिलं. प्रत्येक स्फटिकाच्या खालच्या अंगाला, दगडाकडे वळलेल्या बाजूवर, हिरवट भुकटीचा पातळ थर होता.

"ही भुकटी भेगेतल्या पाण्यातून खाली बसते, पिठासारखी," एवाल्ड म्हणाला. "वरच्या अंगावरच बसणार. मग ती इथे खालून कशी?"

रेगुलाने दगड हातात घेतला आणि उलटा केला. स्फटिक खाली लोंबू लागले.

"छत," ती म्हणाली.

दोघांनी कपाळावरचे दिवे वर वळवले. डावीकडे छतात, हात पुरेल इतक्या उंचीवर, एक खाच होती. तिने दगड वर धरला आणि हलकेच सरकवला. तो बसला. कडेने नखही जाईना.

एवाल्ड बाहेर गेला. दोन ठोके ऐकू आले. तो परतला तेव्हा हातोडा त्याच्या हातात होता आणि सांद मोकळी होती.

"तुझं काहीतरी ठोक तिथे, नाहीतर उद्या तिसराच कुणी येईल."

पण रेगुला छताकडेच बघत होती. इथला खडक काळ्या अभ्रकाच्या पट्ट्यांचा. भेगेच्या कडेने मात्र त्याचा रंग उडालेला असतो. कधीकाळी गरम पाण्याने अभ्रकातलं टायटॅनियम काढून नेलं आणि भेगेत सोडलं. उजव्या भिंतीत हा फिकट पट्टा दोन बोटं रुंद होता. छतातल्या खाचेपाशी तो मनगटाएवढा होत होता आणि कपाटातल्या दगडावरून पुढे, डावीकडे, वीतभर रुंद होऊन खडकात शिरत होता.

"काका, हे बघितलंत?"

"बघितलं. मी निघतो. दुसऱ्याच्या भेगेत मी हात घालत नाही."

"दिवा तरी धरा."

तो थांबला. तिने दगड उतरवून बनियनमध्ये ठेवला आणि पट्ट्याच्या कडेला छिन्नी लावली. पहिले दहा-बारा घाव कोरडे वाजले. मग आवाज पोकळ झाला. एक पापुद्रा सुटला, मागे मुठीएवढं भोक. तिने हात कोपरापर्यंत आत घातला. गार, ओली माती. पलीकडची भिंत लागली नाही.

हात बाहेर आला तेव्हा मातीच्या गोळ्यात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी काळं होतं. एवाल्डने भिंग लावलं. या वेळी त्याने खरंच श्वास रोखून धरला होता.

"दोन्हीकडे टोक आहे. अनाटेसच." त्याने भिंग मिटलं. "यंदा भोक बुजव. बर्फ येतंय. पुढच्या जूनमध्ये सावकाश उघड."

"तुम्ही याल?"

"तुझ्या बाबाने बोलावलं तर."

दूर खाली, घराच्या बाकावर काहीतरी चमकलं. दुर्बीण असावी. रेगुलाने दोन्ही हात हलवले, मग आपली छिन्नी सांदीत ठोकून बसवली.

"त्याला सांग," एवाल्ड दोर गुंडाळत म्हणाला, "एकतीस वर्षं दगड उलटा ठेवलाय."