मागचे आधी

तळघरात उतरायला एकच जिना होता. अठरा पायऱ्या, आणि इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागायचं. पूर्वी तिथे एका छापखान्याचा कागद साठवायचे. आता महिन्यातून दोन शनिवारी शहरातले पंक बँड वाजवायचे. दाराशी मालकीणबाईंनी पाटी लावली होती, आत एकशे वीस माणसांची परवानगी आहे म्हणून.

साउंड सांभाळायला एक बाई होती, पस्तिशीची, बारीक केस कापलेली. सगळे बँडवाले तिला ताई म्हणायचे. ज्याची ती खरीच ताई होती, तो मात्र गेले आठ महिने तिला काहीच म्हणत नव्हता.

तो म्हणजे खिळा. घरात त्याला ढब्या म्हणायचे, कारण लहानपणी तो होताच तसा. पुढे तो वाळून काडी झाला, गायला लागला आणि बँडवाल्यांनी त्याचं नाव खिळा ठेवलं. आठ महिन्यांपूर्वी एका कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये तो घरातलं बोलायला लागला होता. बाबा दोघा भावंडांना कशाने मारायचे, कुठे कोंडायचे, सगळं. पुढच्या रांगेत आई बसली होती. ताईने त्याचा माइक बंद केला. काहीतरी बिघाड झाला असं वाटून लोक हसले. त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. कार्यक्रम तिथेच असायचे, साउंडला तीच असायची, म्हणून काही सांगायचं झालं तर तो ड्रमरकरवी निरोप धाडायचा.

त्या संध्याकाळी तीन बँड होते आणि खिळ्याचा शेवटचा होता. साउंडची तपासणी करताना ताईच्या लक्षात आलं की स्टेजमागच्या, गल्लीत उघडणाऱ्या दारासमोर तिन्ही बँडच्या पेट्या रचून ठेवल्यात.

"त्या हलवायला सांगा," ती मालकीणबाईंना म्हणाली.

"अगं, ठेवणार कुठे? वाजवून झालं की नेतीलच."

ताईने विषय सोडून दिला. ते तिला नंतर फार लागलं.

पहिले दोन बँड नीट पार पडले. मग कळलं की दोन गल्ल्या सोडून असलेल्या हॉलचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झालाय, आणि तिथली सगळी गर्दी इकडे वळलीय. दारावरच्या माणसाने पंचवीस-तीस जण सोडले, मग हात आडवा धरला. पण जिन्यावरचे वरच्यांच्या रेट्याने खाली येतच राहिले. खिळा माइक घेऊन उभा राहिला तेव्हा आत दोनशेच्या वर माणसं असावीत. भिंतींना घाम सुटला होता.

ताईचं टेबल मागच्या कोपऱ्यात, हातभर उंच चौथऱ्यावर होतं. तिथून तिला सगळ्यांची डोकी दिसायची. पंकची गर्दी तिला नवी नव्हती. पोरं उड्या मारतात, एकमेकांवर आदळतात, कुणी पडलं तर चार हात त्याला उचलतात. धडकी भरवणारं दिसतं, पण त्यालाही एक लय असते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ती लय गेली. डोकी उड्या मारेनात. सगळी गर्दी एकदम डावीकडे झुकली, मग एकदम उजवीकडे, घागरीतलं पाणी हिंदकळावं तशी. कुणाचेच पाय स्वतःच्या ताब्यात नव्हते.

मग तिला स्टेजच्या कठड्याशी एक मुलगी दिसली. पिवळा शर्ट, तोंड उघडं. आजूबाजूचे गात होते. ती गात नव्हती.

ताईने टॉर्च उचलला आणि त्याचा झोत स्टेजवर तीनदा मारला. थांब, अशी ती खूण होती. खिळ्याने उजेडाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मालकीणबाई कशाबशा वाट काढत चौथऱ्यापाशी आल्या. "आवाज बंद कर," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या.

"एकदम बंद केला तर सगळे जिन्याकडे पळतील."

"मग?"

"त्यालाच बोलावं लागेल. तुम्ही बाजूने जा. मागच्या दारातल्या पेट्या काढा. आत्ताच्या आत्ता."

खिळ्याच्या पायाशी एक तिरका स्पीकर होता, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून असतो तो, मॉनिटर. ताईच्या टेबलावरून बोललेलं त्या एकट्या स्पीकरमधून ऐकवता यायचं. तिने बटण दाबलं.

"ढब्या, ऐक. पुढे पोरं चेंगरतायत. गाणं हळू कर आणि त्यांच्याशी बोल."

खिळ्याचा आवाज क्षणभर अडखळला. ते तिला स्पष्ट ऐकू आलं. मग त्याने बूट उचलला आणि मॉनिटर लाथेने पालथा पाडला. गर्दीला वाटलं, गाण्याचाच भाग आहे. पोरांनी आरोळी ठोकली आणि मागचे अजून पुढे रेटले.

माइक बंद करणं एका बोटाचं काम होतं. बोट तिथवर गेलंही. पण अंधारात, आवाज नसताना, दोनशे माणसं त्या अठरा पायऱ्यांवर काय करतील, हे तिला दिसत होतं. तिने बोट मागे घेतलं आणि दुसरं बटण दाबलं. ते ड्रमरच्या मॉनिटरचं होतं.

"दादा, मी ताई. एकदम थांबू नकोस. ठेका हळूहळू खाली आण आणि पुढे बघ. कठड्याशी, पिवळा शर्ट."

ड्रमर चाळिशीचा, दिवसा बस चालवणारा माणूस. त्याने मान वर केली, पाहिलं, आणि ठेका उतरवायला सुरुवात केली. गिटारवाले गोंधळले, मग तेही मंदावले. खिळा एकटाच दोन ओळी पुढे ओरडत गेला, आणि संतापून मागे वळला. ड्रमरने काठी पुढे करून कठडा दाखवला.

खिळ्याने पाहिलं. तीन पावलांवर ती मुलगी होती. ओठ राखेच्या रंगाचे, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे.

तळघरात फक्त लोकांचा आवाज उरला. "म्हण ना पुढे," मागून कुणीतरी म्हणालं. एक अर्धी भरलेली बाटली स्टेजवर येऊन पडली. आता हा ओरडला तर संपलं, ताईला वाटलं. तिने त्याच्या माइकचा आवाज थोडा वाढवला, म्हणजे त्याला ओरडावं लागू नये.

खिळा स्टेजवर चक्क मांडी घालून बसला.

"इथे माणसं गुदमरतायत," तो म्हणाला. आवाज हळू होता, पण जिन्यापर्यंत स्वच्छ पोचला. "कुणी पळायचं नाही. पुढच्यांनो, तुम्ही हलू नका. मागचे आधी. जिन्यावरचे आहात ना, तुम्ही वळा आणि वर जा. मी थांबतो."

काही हललं नाही.

"जिन्यावरचे," तो पुन्हा म्हणाला, त्याच स्वरात. "घाई नाही. एक पायरी."

ताईने भिंतीवरचे दिवे लावले. उजेडात लोकांनी एकमेकांचे चेहरे पाहिले आणि बऱ्याच जणांना तेव्हा कळलं. वरून दारावरच्या माणसाचा आवाज आला, "चला, वर चला, जागा आहे." जिन्यावरची एक पाठ वळली. मग दुसरी. खिळा बोलत राहिला. आता खांबाजवळचे. आता टेबलाजवळचे. हात खाली घेऊ नका, छातीसमोर धरा. स्टेजमागे पेट्या सरकल्याचा खरखराट झाला आणि गल्लीतली गार हवा आत आली. कठडा मोकळा होताच ड्रमरने पिवळ्या शर्टवाल्या मुलीला काखांत हात घालून वर ओढलं. तिच्या तोंडातून एक लांब, घोगरा श्वास आला. ताईने तो माइकमधून ऐकला.

सगळं मोकळं व्हायला वीस मिनिटं लागली. त्या मुलीच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. एकाचा घोटा निखळला, दोघं बेशुद्ध पडून शुद्धीवर आले. कुणी दगावलं नाही.

रुग्णवाहिका गेल्यावर खिळा गल्लीत एका पेटीवर येऊन बसला. ताई वायरी गुंडाळत होती.

"मॉनिटर मी मुद्दाम पाडला," तो म्हणाला.

"पाहिलं मी."

"तू काय म्हणालीस ते ऐकू आलं होतं. सगळं."

ताईचा हात थांबला. "मग?"

"मला वाटलं, परत माझं तोंड बंद करतेयस. काहीतरी निमित्त काढून." तो बुटाकडे बघत होता. "दीड-दोन मिनिटं गेली असतील ना मध्ये?"

तेवढी गेली नव्हती, पण ती कमी करून सांगावी असं तिला वाटलं नाही. "गेली असतील," ती म्हणाली. मग वायर पुन्हा गुंडाळत म्हणाली, "पेट्यांचं मला आधीच दिसलं होतं. मीही एकदा सांगून गप्प बसले."

तिसऱ्या दिवशी त्याने तिला फोन केला. आठ महिन्यांतला पहिलाच. "ताई, हॉस्पिटलात जायचंय. येतेस?"

मुलगी उशांना टेकून बसली होती, दिवसा शिवणाच्या कारखान्यात काम करणारी. शेजारी तिची आई. मुलीने त्याला ओळखलं आणि जपून, बरगड्या न दुखवता हसली. "तुमच्यामुळे वाचले म्हणतात सगळे."

खिळा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. "मला आधीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "हिने. मी ऐकूनही थांबलो नाही. तुम्हाला हे माहीत असावं."

मुलीचं हसू गेलं. तिने पांघरुणाची कड छातीपर्यंत ओढली.

"त्या वेळी मला वाटलं, आता आई दिसणार नाही," ती म्हणाली.

मुलीच्या आईने हातातली ताटली बाजूला ठेवली. तिच्या स्वरात राग नव्हता, पण मायाही नव्हती. "सांगितलंस ते बरं केलंस, बाळा. आता जा. तिला झोपू दे."

दोघं बाहेर आले. लिफ्टपाशी रांग होती, म्हणून जिन्यानेच उतरले. एका मजल्यावर खिळा थांबला आणि कठड्याला धरून रडला. ताई दोन पायऱ्या खाली उभी राहिली. वरून माणसं उतरत होती. ती त्यांना म्हणाली, "इकडून या, जागा आहे," आणि त्याचं होईपर्यंत तिथेच थांबली.