तराजूने ऐकलेली हाक

मित्रांनो, माझ्याशी बोलताना तोंड जरा बाजूला धरा. तुमच्या श्वासानेही माझी पारडी हलतात आणि मग बराच वेळ मला काही सुचत नाही. मी तराजू आहे. बाजारात हातात धरतात तो नव्हे. प्रयोगशाळेत काचेच्या घरात राहणारा, मिठाच्या एका कणाचाही भार ओळखणारा.

माझा जन्म दूर अंबाल्याचा. पितळेची दांडी, तिच्या मधोमध अकीक दगडाची बारीक धार, आणि त्या धारेवर माझा सगळा तोल. गवतात गुंडाळून मला रेल्वेने नाशिक रोडला आणले आणि तिथून टेम्पोने सातपूरच्या एका नव्या औषध कारखान्यात. उत्तरेच्या खिडकीजवळ, न हलणाऱ्या दगडी ओट्यावर मला जागा मिळाली. ऊन माझ्यावर थेट येत नसे, पण दुपारी खोलीभर उजेड साचून राही. त्यात धुळीचे कण इतके सावकाश तरंगत, की मला वाटे, यांनाही कोणीतरी एकेक करून तोलत आहे.

जयराम नावाचा सहायक माझी काळजी घेई. मुख्य रसायनतज्ज्ञ गायधनी साहेब आलेल्या पाहुण्यांना माझ्यापुढे उभे करत आणि सांगत, हा कधी खोटे बोलत नाही. ते ऐकताना माझा काटा स्थिर असे, पण आतून मी डोलत असे. पुढे जयरामला ओझरला मोठी नोकरी लागली, तो गेला, आणि माझ्या काचेवर धूळ बसू लागली.

१९७८ च्या हिवाळ्यात त्या जागेसाठी विशाखा गांगुर्डे आली. नुकतीच बी.एस्सी. झालेली. आई मालनबाई गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात भाजी विकते, असे साहेबांनी न विचारताच तिने सांगितले.

तिची परीक्षा माझ्यासमोरच झाली. साहेबांनी रसायने तापवायची चिनी मातीची एक लहानशी वाटी, म्हणजे मूस, पुढे सरकवली आणि वजन करायला सांगितले. तिने हाताची पाठ मुशीजवळ नेली. "अजून कोमट आहे, सर. आत्ता तोलली तर गरम हवा पारडे वर उचलेल, हलकी भरेल."

साहेबांनी मुद्दामच कोमट दिली होती. ते मिशीत हसले. मूस निवेपर्यंत ती माझ्यापुढे बसून राहिली. भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर चालू होती; लांबच्या ओढ्यासारखी वाटत होती. आपला श्वास माझ्यावर येऊ नये म्हणून ती मान वळवून बसली होती. त्या शांततेत मला पुढची वर्षे दिसू लागली: याच हाताने उघडणारी काच, हाच उजेड, आणि मी कधी म्हातारा होतच नाही.

वजन बिनचूक आले. साहेब म्हणाले, सोमवारपासून या, अडीचशे देऊ. तिने विचारले, जयरामना किती मिळत होते? सव्वातीनशे, साहेबांनी सांगून टाकले. काम तेच असेल तर मलाही तेवढेच द्या, ती म्हणाली. ते जमणार नाही, ते म्हणाले. मग तिने नमस्कार केला, उठली आणि दाराकडे निघाली.

किती सावकाश चालत होती ती! पाऊल उचलून जणू क्षणभर हवेतच ठेवत होती. साहेबांचा हात टेबलावरून वर आला. हाक मारायला घेतलेला त्यांचा श्वास मला स्पष्ट कळला. पण दारात शिपाई भिकन उभा होता, आणि त्याच्यादेखत कालच्या पोरीची मनधरणी करणे साहेबांना जड गेले. ती मागे वळेल म्हणून ते थांबले. हाक येईल म्हणून ती रेंगाळली. मग दार मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. बरोबर आई होती. साहेब तेव्हा स्वतःच एक पावडर तोलत होते. विशाखा म्हणाली, अडीचशे चालतील, मला हे काम हवे आहे.

साहेबांनी वर पाहिले नाही. "ती जागा आता भरायची नाही. तुम्ही नको म्हणालात."

"मी नको नव्हते म्हणाले, सर."

मालनबाई पुढे झाली. "साहेब, चूक माझी हाय. मीच शिकवलं तिला. आपला भाव सांगायचा अन् हळूहळू निघायचं, मागून हाक येती. आमच्याकडं गिऱ्हाईक उठलं की आम्ही येकदा तरी हाक मारतो."

"बाई, इथे भाजी विकत नाहीत."

"मग भाव आधी कोन बोललं? तुम्हीच ना?"

भिकनला एकदम खोकला आला. साहेबांचे कान लाल झाले. मॅनेजरांना कळवून झाले आहे, आता माझ्या हातात काही नाही, असे ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"चल गं," मालनबाई म्हणाली. "बोलून आपलंच तोंड दुखायचं."

पण विशाखा माझ्याकडे पाहत होती. मित्रांनो, माझ्या पायाशी एक कळ आहे. तोलणे संपले की ती फिरवायची असते. तशी फिरवली की दांडी धारेवरून उचलली जाते आणि धार झिजत नाही. रागाच्या भरात साहेब ती विसरले होते, आणि मी तसाच अधांतरी लोंबकळत होतो. विशाखा जवळ आली. तिने कळ फिरवली, काच खाली ओढली. इतक्या हलक्या हाताने, की पारडी कधी थांबली ते माझे मलाच कळले नाही.

"काय केलंस?" आईने विचारले.

"काही नाही, आई. त्याला टेकवलं. चल."

या वेळी ती रेंगाळली नाही. दोघींची पावले व्हरांड्यातून झपझप लांब गेली. तेव्हा साहेब वळले, माझ्यावर वाकले आणि म्हणाले, "गांगुर्डे."

दारातल्या भिकनलाही ते ऐकू गेले नाही. थंडीच्या दिवसांत माझ्या काचेवर त्या हाकेचे एवढेसे धुके उठले आणि विरून गेले.

तिला पुढे कुठे काम मिळाले, मला कधी समजले नाही. ती जागा खरोखरच भरली गेली नाही. मग जो येई तो तोले आणि मला तसाच टांगून जाई. धार बोथट झाली. एकाच वस्तूचे मी सकाळी एक वजन सांगू लागलो आणि दुपारी दुसरे. १९८६ साली विजेवर चालणारा, आकडे दाखवणारा तराजू आला आणि मला कपाटावर चढवले. मी आता अर्धवट झोपेत असतो. छताजवळचा उजेड इथे पाण्यासारखा हलतो.

मित्रांनो, काम झाले की वस्तूला विसावा द्या; ती तुम्हाला वर्षानुवर्षे खरे सांगेल. आणि कोणाला हाक मारावीशी वाटली, तर ते माणूस दारात असतानाच मारा. ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मारा.