मोठीचं ताट

"मोठी सांगणार नाही. जीव गेला तरी सांगणार नाही. तिच्या ताटाकडे लक्ष ठेव, आणि वेळ आली की तिच्या वाटचं तू बोल. देवाने तोंड दिलंय ना तुला?"

सासूबाई शेवटच्या दुखण्यात हे म्हणाल्या, तेव्हा धाकटी सून त्यांचे पाय चेपत होती. ती "हो" म्हणाली. "हो हो" नाही, "अहो पण" नाही, नुसतं "हो". घरात तिला सगळे रेडिओ म्हणायचे. एका शब्दात तिने उत्तर दिलेलं सासूबाईंनी तेवढं एकदाच ऐकलं असेल.

आज ते शब्द तिला आठवले ते हातात गरम इस्त्री असताना.

दोघी जावांचा शिवणकामाचा व्यवसाय होता. बाहेरच्या खोलीत दोन मशिनी, मधे कापडं बेतायचं टेबल. पडदे, शाळेचे गणवेश, गिऱ्हाइकांची उसवलेली दुनिया. धाकटीचा नवरा परगावी नोकरीला, मोठीचा नवरा शाळेची बस चालवायचा. गणवेशांवर इस्त्री फिरवता फिरवता धाकटीने मोठीचा घरचा ब्लाउज ओढला आणि बोटाला काहीतरी लागलं. काखेखालची शिवण आत घेतलेली होती. तिच्या आत आणखी एक. आणि त्या दोन्हींच्या बाहेर, उसवलेल्या जुन्या शिवणीची भोकं. तिने दुसरा ब्लाउज उलटा केला. तोही तसाच.

माणूस एवढं वाळलं, आणि आपण समोरासमोर बसून मशीन चालवत होतो?

तर त्याचं असं होतं. मोठी व्रतस्थ बाई. पहाटे उठून टेकडीवरच्या देवळात दिवा लावून यायची, आणि दिवा लागेपर्यंत कोणाशी चकार शब्द बोलायची नाही. गेल्या काही महिन्यांपासून तिने एकवेळ जेवण धरलं होतं. का, कशासाठी, ते कोणी विचारलं नाही, कारण या घरात व्रत कशासाठी ते विचारायची रीतच नव्हती. विचारलं की फळ जातं, असं सासूबाईच सांगून गेल्या होत्या. तेव्हा ताटाकडे लक्ष ठेव म्हणणाऱ्याही त्याच, आणि ताटाबद्दल विचारू नको म्हणणाऱ्याही त्याच. धाकटीने सोपं ते पाळलं.

इस्त्री उभी करून ती स्वयंपाकघरात गेली. मोठी ओट्याला टेकून उभी होती, डोळे मिटून.

"वहिनी, हे एकवेळचं जेवण व्रताचं आहे की पोटाचं?"

मोठीने डोळे उघडले. "असं विचारू नये गं."

"फळ जाऊ दे. तुम्ही जाऊ नका म्हणजे झालं."

मोठी बराच वेळ ओट्यावरची फरशी पुसत राहिली, ती स्वच्छच होती. मग म्हणाली, "खाल्लं की जळतं. वर येतं. आणि शौचाला काळं होतं. म्हटलं, कमी खावं. मग म्हटलं, खात नाहीच आहोत तर देवाच्या नावाने तरी घालवावं."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. "देवाला सांगितलंत, भावोजींना नाही?"

"त्यांना काय सांगायचं? त्यांचं बिचाऱ्यांचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं मागच्या पोरांवर."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी मोठीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. "आतून रक्त जातंय बहुधा. पोटाच्या डॉक्टरांकडून नळी घालून बघून घ्या, एक-दोन दिवसांत. चक्कर येऊन पडल्या तर मात्र थांबूच नका, सरळ दवाखाना गाठा. आणि चढणं-उतरणं बंद."

"सरकारी विम्याचं कार्ड आहे आमच्याकडे," धाकटी म्हणाली.

"ते कुठे चालतं ते मलाही नक्की नाही सांगता येणार. फोन करा."

दुपारभर धाकटीने फोन केले. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने मशीनचं चाक. शिवत काही नव्हतीच, चाक नुसतं मागेपुढे फिरवत होती. बसवत नव्हतं, उठून करण्यासारखंही काही नव्हतं.

"कार्ड चालतं ना, पण हाडांसाठी."

"आणि पोटासाठी?"

"पोटाला रोख."

दुसरीकडे म्हणाले, भरती झाल्यावर कार्ड चालेल, तपासणीला नाही. "म्हणजे काय झालंय ते कळायच्या आधीच भरती व्हायचं का हो?" तिने विचारलं. पलीकडच्या मुलीने फोन ठेवून दिला. तिसरीकडे पोटाचे डॉक्टर होते, पण सोडून गेले होते. चौथ्या ठिकाणी बराच वेळ सतार वाजली आणि मग तीही बंद पडली.

आतल्या खोलीत मोठी कुशीवर पडली होती. "अगं, किती बोलशील? घसा सुकेल."

"माझा घसा आहे, सुकू दे. तुम्ही पडून राहा."

शेवटी तिने फोन टाकला, कार्ड पिशवीत घातलं आणि सगळ्यात जवळचं मोठं रुग्णालय गाठलं. फोनवर माणसाला टाळता येतं, समोर उभ्या राहिलेल्या रेडिओला टाळणं अवघड. कार्डाच्या खिडकीत बसलेला गृहस्थ चष्मा पुसत होता. त्याने पहिल्यांदा "इथे नाही" म्हटलं. ती हलली नाही. मोठीचं सगळं तिने सांगितलं, जळण्यापासून ब्लाउजच्या शिवणीपर्यंत. मागच्या रांगेतली एक बाई कुरकुरली, "अहो, कथा सांगता की काय?" तर धाकटी म्हणाली, "तुम्हीही ऐका, शेवट अजून झालेला नाही."

गृहस्थाने चष्मा चढवला. "पुलापलीकडे जुना दवाखाना आहे ना, तिथे पोटाचे डॉक्टर येतात. आठवड्यातून एकदा, सकाळी. कार्डावर नळीची तपासणी करतात. उद्याच आहेत. पण उजाडल्या उजाडल्या नंबर लागतो, आणि पेशंट स्वतः हवा, अंगठा द्यावा लागतो. आणि हे बघा, पेशंट उपाशीपोटी पाहिजे."

"ते त्यांना छान जमतं," धाकटी म्हणाली, आणि मग तिला खिडकीचा गज धरावा लागला.

संध्याकाळी भावोजींनी सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं. बायकोकडे बघून "अगं" एवढंच म्हणाले आणि शेजारच्या रिक्षावाल्याला उद्या पहाटे दारात यायला सांगून आले. पण मोठी अडून बसली.

"उद्या नको. पुढच्या आठवड्यात जाऊ. पहाटे निघायचं म्हणजे दिवा राहील. इतक्या वर्षांत चुकला नाही."

"टेकडी चढायची नाही असं बाई म्हणाल्यात. दिवा तसाही राहणारच."

"हळूहळू चढेन. दगडावर बसत बसत."

"म्हणजे आताही बसत बसतच चढत होतात?"

मोठीने पदर सारखा केला. धाकटी तिच्या पुढ्यात जमिनीवर बसली. नळीची भीती असावी, दिव्याची असावी, दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या असाव्यात. ओढाताण करून गाठ सुटत नाही, हे शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

"मी लावते दिवा. रिक्षा यायच्या आत जाऊन येते. मग तर याल?"

"तू?" मोठीला पहिल्यांदा हसू आलं. "दिवा लागेपर्यंत बोलायचं नसतं, बाई. वाटेत कोणी हाक मारली तरी. तुला जमायचं नाही."

"दिवा लागला तर तुम्ही येणार. शब्द द्या."

"लागला तर येईन," मोठी म्हणाली. "तू खोटं सांगणार नाहीस, तेवढं माहीत आहे. खोटं बोलायला आधी विचार करावा लागतो, तेवढा वेळ तू थांबतेस कुठे?"

धाकटीला रात्रभर धड झोप लागली नाही. डोळा लागायचा आणि आता उशीर झाला म्हणून ती दचकून उठायची. शेवटी फटफटायच्या आधीच तिने आंघोळ उरकली. पिशवीत तेलाची बाटली, वात, काडेपेटी घातली. बाहेरच्या खोलीत येते तो मोठी तयार होऊन मशीनपाशी बसलेली, हातात कार्ड. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कितीतरी सांगायचं होतं, पाणी पिऊ नका, शाल घ्या, घाबरू नका. धाकटीने ओठ मिटले, शाल उचलून मोठीच्या खांद्यावर टाकली आणि दार ओढून घेतलं.

गल्लीच्या टोकाला दूधवाला सायकल लावत होता. "अरे वा! एवढ्या सकाळी? आणि रेडिओ बंद कसा?"

जिभेवर आलेलं उत्तर तिने गिळलं. बोलायचंच होतं तिला, भरपूर, पुलापलीकडच्या दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, मोठीच्या वाटचं एकेक वाक्य. तोवर ते सगळं तिने आत धरून ठेवलं. दूधवाल्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि बाटली सांडू नये म्हणून पिशवी छातीशी धरून ती टेकडीच्या चढाला लागली.