देवाचा बदली तास

लीलाबाई एकतीस वर्षं तपकीर ओढत होत्या आणि घरात कोणाला हे माहीत नाही, असं त्यांना वाटत होतं. माहीत सगळ्यांनाच होतं. गणिताच्या रिटायर्ड शिक्षिकेला सांगणार कोण, एवढाच प्रश्न होता.

तो प्रश्न सत्यनारायणाच्या दिवशी सुटला. सून पूर्वाने नव्या फ्लॅटमध्ये पूजा ठेवली होती. कथा चालू असताना लीलाबाई एकदा स्वयंपाकघरात जाऊन आल्या आणि नाकाशी पदर धरून बसल्या. आरतीला सगळे उभे राहिले तेव्हा त्यांना शिंक आली. एक नाही, सात. पहिलीत निरांजन विझलं, दुसरीत हळदकुंकू उडालं, आणि सातवी होईपर्यंत गुरुजींचा पांढरा सदरा धुळवड खेळून आल्यासारखा झाला होता.

गुरुजींनी डोळे पुसत विचारलं, "आजींना सर्दी झालीये का?"

"नाही गुरुजी," पूर्वा शांतपणे म्हणाली. "तपकीर आहे."

घरी जाताना रिक्षात लीलाबाईंचे यजमान लक्ष्मीकांत एवढंच म्हणाले, "चला, लपवायची मेहनत तर वाचली."

लीलाबाईंनी त्याच संध्याकाळी डबी कचऱ्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी यायच्या आत उचलून घेतली. असं चार दिवस झालं. चौथ्या दिवशी डबी चुकून ओल्या कचऱ्यात पडली होती. तिच्यावरची चहाची पत्ती पुसताना लीलाबाईंना स्वतःची खरंच लाज वाटली.

मंगळवारी त्या अन्नपूर्णेच्या मंदिराजवळच्या एका हॉलमध्ये गेल्या. तिथे दर आठवड्याला व्यसन सोडणाऱ्यांची बैठक भरायची. खुर्च्यांवर सहा पुरुष बसले होते, सगळे दारूवाले. बैठक चालवणारे उदयसिंह यांचं पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या भागात लेथचं वर्कशॉप होतं आणि नऊ वर्षांपासून त्यांची दारू बंद होती. प्रत्येकानं नाव आणि व्यसन सांगायचं असा नियम होता.

"नाव लीला. शाळेत गणित शिकवायचे. तपकीर."

बंडू नावाच्या एका तरुणाला हसू आवरेना. "काकू, तपकिरीसाठी कोण येतं इथे?"

"एकट्यानं किती वेळा सोडून पाहिलीस तू?"

"बारा वेळा."

"माझं चार वेळा झालंय. आठनं मागे आहे मी तुझ्या. पुढे चालू द्या."

उदयसिंह म्हणाले, "मॅडमजी, पहिलं काम एकच आहे. आपल्याच्यानं होत नाहीये हे मान्य करायचं, बाकी ऊपरवाले पे छोड़ दो."

लीलाबाईंचा देवावर विश्वास होता. पण त्यांची पूजा म्हणजे हजेरी घेतल्यासारखी असायची. देव्हाऱ्यात कोणी वाकडा बसला असेल तर त्याला सरळ करायचं, आज कोणाकोणाचं काय काय करायचं आहे ते सांगायचं, आणि मग घंटा वाजवायची. देवावर काही सोडायचं, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"आणि त्याला नाही जमलं तर?" त्यांनी विचारलं.

"कोणाला?"

"देवाला."

उदयसिंहांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुम्ही कधी छुट्टीवर गेल्या असाल ना? तेव्हा तुमचा पिरियड कोण घ्यायचं?"

"एकदाच गेले होते. मुलगा झाला तेव्हा. परत येऊन सगळं पुन्हा शिकवावं लागलं."

"बस, हीच बीमारी आहे, मॅडमजी," उदयसिंह म्हणाले. "तपकीर तर नंतरची गोष्ट."

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता लीलाबाईंना तलफ आली. नाकाचा शेंडा हुळहुळायला लागला. त्या देव्हाऱ्यापुढे उभ्या राहिल्या आणि बऱ्याच संकोचानं म्हणाल्या, "देवा, पुढचा तास तू घे. मी स्टाफरूममध्ये आहे."

मग त्या गॅलरीत जाऊन बसल्या. पहिली दहा मिनिटं देव नीट घेतोय की नाही यावर त्यांचं लक्ष होतं. नंतर मटार सोलता सोलता ते राहून गेलं. चाळीस मिनिटांनी घड्याळ बघितलं, तर शाळेच्या हिशेबानं तास संपला होता आणि तपकीर ओढलेली नव्हती. त्यांना आश्चर्य वाटलं. आपल्यावाचून तास पार पडला, याचा थोडा अपमानही वाटला.

तेव्हापासून फोनवर दर चाळीस मिनिटांनी अलार्म वाजायला लागला. अलार्म वाजला की लीलाबाई जिथे असतील तिथे हात जोडून देवाला पुढचा तास द्यायच्या. बँकेच्या लायनीत दिला, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून दिला. ई-रिक्षात एकदा त्यांचं बघून मागच्या तिन्ही बायकांनी हात जोडले आणि कुठलं मंदिर गेलं म्हणून विचारलं.

एकोणिसाव्या दिवशी त्या सियागंजच्या बाजारात गूळ घ्यायला गेल्या आणि पाय आपोआप बाबूरावांच्या तंबाखूच्या दुकानाकडे वळले. त्या तपकीर कायम तिथूनच घ्यायच्या, आणि ती सासूबाईंसाठी आहे असं सांगायच्या. सासूबाईंनी जन्मात तपकीर ओढली नव्हती आणि त्या दोन हजार सहा साली वारल्या होत्या. पण बाबूरावांच्या हिशेबानं त्या अजून होत्या आणि एकशे सात वर्षांच्या झाल्या होत्या.

"या या," बाबूराव पुडी बांधत म्हणाले. "कशा आहेत माताजी? परवाच एका गिऱ्हाइकाला सांगितलं, एकशे सात वर्षांच्या आहेत, आपलाच माल घेतात, नाक एकदम साफ."

तेवढ्यात अलार्म वाजला. लीलाबाईंनी डोळे मिटले आणि देवाला तास दिला. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाबूराव, सासूबाई गेल्या."

बाबूराव स्टुलावर बसले. त्यांनी टोपी काढली, समोरून दोन चहा मागवले. "कधी झालं हे?"

"दोन हजार सहा साली."

बाबूरावांनी बोटं मोजली. "मग इतकी वर्षं तपकीर कोण ओढत होतं?"

"मी."

बाबूरावांना माताजी गेल्याचं दुःख कमी झालं आणि त्या एकशे सात वर्षांच्या नसल्याचं जास्त झालं. "मी तर साऱ्या बाजारात सांगून बसलोय, बाई," ते म्हणाले. "लोक त्यांच्या पाया पडायला येऊ का विचारतात."

लीलाबाईंना हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. एकतीस वर्षांत त्यांनी कोणाला 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं, ते त्यांनी तंबाखूच्या दुकानात दोनदा म्हटलं. चहा दोन्ही बाबूरावांनीच प्यायले. मग त्यांनी अर्धी बांधलेली पुडी दाखवून विचारलं, "हिचं काय करू?"

"राहू द्या."

त्यानंतर एकदा चुकलं. भाच्याच्या लग्नात एका म्हातारबुवांनी डबी पुढे केली आणि देवाला सांगायचं राहून गेलं. लीलाबाईंनी मंगळवारी बैठकीत ते सांगितलं. बंडू न हसता म्हणाला, "काकू, परत एकपासून मोजायचं. मीही मोजतोय." त्यांनी मोजलं. आता सात महिने झालेत.

मधे एका सकाळी पोहे करताना त्यांना वरून भुरभुरायच्या जिरावन मसाल्याचा वास आला, मग कोथिंबिरीचा. एकतीस वर्षांत नाकाला काही कळलंच नव्हतं. त्या घरभर वास घेत फिरल्या. साबण, पुस्तकं, धुतलेल्या चादरी. शेवटी पेपर वाचत बसलेल्या लक्ष्मीकांतांच्या डोक्याशी येऊन थांबल्या.

"अहो, हे तेल तुम्ही कधीपासून लावता?"

"तीसेक वर्षं झाली असतील. का?"

लीलाबाईंनी देवाला मनातल्या मनात आणखी एक तास दिला आणि गप्प राहिल्या. दुपारी लक्ष्मीकांतांनी आपणहूनच तेलाची बाटली कामवाल्या मावशींना देऊन टाकली.