साहेबांचे स्टूल

तिने स्टूल भिंतीला टेकवले, त्यावर कारखान्याच्या साहेबांसारखी पायावर पाय टाकून बसली आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाली,

"हं, बोल रे."

बायकोच्या तोंडून पहिल्यांदाच अरेतुरे ऐकून तो हसला. कारखान्याची टाकी साफ करताना पोरगा गेला, तेव्हापासून तो हसला नव्हता. मग त्याने हात जोडले.

"साहेब, माझ्या पोराला दोरीशिवाय टाकीत कोणी उतरवलं?"

"असं विचारलंत तर दारातूनच हाकलतील." मोठ्यांच्या घरची फरशी पुसण्यात तिचे वय गेले होते, त्या घरांत कोणते बोलणे कुठे टोचते, हे तिला ठाऊक होते. "'कोणी' काढा. बोट दाखवल्यासारखं वाटतं त्यांना."

'कोणी' गेले. 'दोरीशिवाय'मध्ये तक्रार होती, तेही गेले. शेवटी उरले ते असे: साहेब, माझा पोरगा टाकीत उतरला होता, जमलं तर तेवढं बघा. सभ्य जगाशी संवाद साधू पाहणाऱ्या दुबळ्याला फारशा अटी नसतात. आपले म्हणणे त्याने घरून निघण्यापूर्वीच मारून आणावे, एवढीच अपेक्षा असते.

कचेरीत साहेब चक्क उठून उभे राहिले. खुर्ची दिली, पाणी मागवले.

"फार वाईट झालं हो," ते म्हणाले. आवाजही भरून आला होता.

हाकलून देतील, याची तयारी होती. मायेची तालीम कोणी केली नव्हती. तो खुर्चीच्या कडेवर टेकला, पेला दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला,

"उपकार झाले, साहेब."

साहेब त्याला दारापर्यंत सोडायला आले. मग ते कारकुनाशी बोलले, ते त्याला जिन्यात ऐकू आले: "किती समजूतदार माणसं असतात ही!"

घरी आल्यावर त्याने चपलाही काढल्या नाहीत. स्टूल ओढून भिंतीशी ठेवले.

"बस."

"विचारलंत?"

"बस म्हटलं ना."

ती बसली. पायावर पाय टाकला. पण "बोल रे" काही तोंडातून निघेना. त्याने हात जोडले, दीर्घ श्वास घेतला.

"उपकार झाले, साहेब."

ती उठली. त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्याचे जोडलेले हात एकमेकांपासून सोडवले. मग रिकाम्या स्टुलाकडे पाहत तिने विचारले,

"माझ्या पोराला दोरीशिवाय टाकीत कोणी उतरवलं?"