नदी चाळणारी चाळण

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. माझी कड एका बाजूला चेपलेली आहे आणि अंगाला पिठापेक्षा शेवाळाचा वास जास्त येतो. रत्नागिरीच्या बाजारातून मला गंगुबाईंनी आणलं. त्या आमच्या गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. घरी मी भाकरीचं पीठ चाळायचे, शाळेत डाळ निथळायचे. दोन्हीकडे मला मान होता.

मग ऋजुताबाई शिक्षिका म्हणून आल्या. एके दिवशी त्यांना पोरांना नदी दाखवायची होती आणि जाळी सापडेना. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, गंगुबाईंना न विचारता.

नदीत मला एका दगडाच्या खालच्या अंगाला, प्रवाहात धरलं आणि पोरांनी दगड हलवला. क्षणात माझ्या अंगावर पाहुणेच पाहुणे. बारीक झिंगे उड्या मारत होते. एका किड्याने वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर केलं होतं आणि तो घरासकट चालत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरले. पोरं मात्र खूश झाली. बाई म्हणाल्या, "या किड्यांना मासे खातात, माशांना खंड्या पक्षी खातो. हे गेले की सगळ्यांचीच उपासमार."

दुसऱ्या दिवशी माझ्यात निथळलेल्या डाळीत गंगुबाईंना एक अळी सापडली.

"बाई, हे काय?"

"चतुराची अळी, मावशी. डासांची पिल्लं खाते."

"खाऊ दे की. माझ्या डाळीत बसून कशाला खाते?"

तेव्हापासून डाळीला नवी चाळण आली आणि मी बाहेर पडवीत आले. माझं मन खट्टू झालं, पण दर शनिवारी पोरं मला नदीवर न्यायची, म्हणून सावरले.

शिमग्याला गंगुबाईंचा मुलगा नितेश बायको-मुलीला घेऊन मुंबईहून आला. त्याला गावातल्या मित्रांना मासे खिलवायचे होते. नदी आटून फक्त कोंडीत, म्हणजे खोल डोहात, पाणी उरलं होतं. गळ टाकून बसायला त्याला वेळ नव्हता, म्हणून तो मित्रांसोबत ब्लीचिंग पावडरीची पिशवी घेऊन कोंडीवर गेला. पावडर टाकली की मासे आपसूक वर येतात. बाकीचंही सगळं मरतं, त्याचा त्याने विचार केला नव्हता.

कोंडीवर ऋजुताबाईंच्या वर्गातली पोरं मला घेऊन आली होती. त्यांच्यातली सानवी पुढे झाली. "काका, टाकू नका."

"बाजूला हो. मासेच तर मारायचेत."

सानवी धावत गंगुबाईंकडे गेली. किड्यांसाठी गंगुबाई येतील असं मला वाटत नव्हतं. पण आपल्याच पोराने पाण्यात औषध टाकायचं म्हटल्यावर त्या पदर खोचून कोंडीवर आल्या. सानवीने मला पाण्यात बुडवून त्यांच्यापुढे धरलं. माझ्यात एक चपटा पाणढेकूण होता, पाठभर अंडी चिकटलेला.

"आई दिसते बिचारी," गंगुबाई म्हणाल्या.

"आई नाही, आज्जी. बाप आहे. पिल्लं बाहेर येईपर्यंत तोच सांभाळतो."

गंगुबाईंनी वाकून ती अंडी नीट पाहिली. मग नितेशकडे वळल्या. "तुझी पोर कुठाय?"

"घरी, तिच्या आईजवळ. का?"

"आल्यापासून एकदा तरी उचललीस तिला? हा ढेकूण बघ, मेल्या. अख्खा संसार पाठीवर घेऊन पोहतोय, आणि तू त्याला मारायला पिशवी घेऊन आलायस."

मित्र हसायला लागले. नितेश मात्र हसला नाही. त्याने पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं. संध्याकाळी तो गळ घेऊन आला, मुलीला खांद्यावर बसवून. ती इतकी बडबडली की एकही मासा लागला नाही. मित्रांना पिठलं-भात मिळाला.

गंगुबाईंनी मला घरी न्यायचं नाव काढलं नाही. उलट सानवीला बजावलं, "बघून झाल्यावर पाण्यात सोडा हो त्या ढेकणाला. उन्हात ठेवू नका."

मित्रांनो, तुम्हीही नदीवर जा, दगड उचलून बघा. बघून झालं की तो हळूच, होता तसाच परत ठेवा. खाली कोणीतरी पोरं सांभाळत बसलेलं असतं.