तोरेसानाच्या घरची लूट

पोप वारला की रोममध्ये चोरांनाही सण असतो. नवा पोप निवडला गेल्याची बातमी फुटली रे फुटली, की लोक त्याच्या जुन्या घरात घुसतात आणि दारांच्या बिजागऱ्यांसकट सगळं उचलून नेतात. याला कोणी चोरी म्हणत नाही. जो संत पेत्राच्या, म्हणजे पहिल्या पोपच्या, गादीवर बसला त्याचं जुनं नाव गेलं, जुनं गोत गेलं, मग जुने खाटा-पलंग त्याला कशाला, असा त्यामागचा विचार. विचार थोर आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. फक्त एवढंच, की कोळी असलेल्या पेत्राने ख्रिस्तामागे जाताना आपलं जाळं आपल्या हाताने सोडलं होतं. यांच्या हातातलं सोडवायला खाटिक आणि हमाल बोलवावे लागतात.

एर्सिलिया बाईला हे लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तिचा धाकटा भाऊ कार्डिनल फुल्व्हिओ तोरेसाना निवडणुकीसाठी बाकीच्या कार्डिनलांबरोबर कोंडून घ्यायला निघाला, तेव्हा तिने त्याच्याकडे एकच मागणं मागितलं. दियानोराची पेटी तेवढी घराबाहेर हलवू दे.

दियानोरा तिची एकुलती एक मुलगी. नवरा गेल्यापासून एर्सिलिया भावाचं घर सांभाळत होती. स्वयंपाकघर, धान्य, नोकरांची भांडणं, भावाचा बिघडलेला कोठा, सगळं. त्या बदल्यात मायलेकींना दोन खोल्या आणि जेवण. पेटी मात्र तिची स्वतःची होती. अक्रोडाच्या लाकडाची, झाकणावर कोरीव वेलबुट्टी. आत चादरी, सदरे, टेबलावरची कापडं आणि लग्नाच्या झग्यासाठी जपून ठेवलेलं हिरवं रेशीम. वर्षानुवर्षं तिने आणि मुलीने खिडकीशी बसून डोळे फोडून शिवलेलं. ओर्व्हिएतोच्या एका नोटरीच्या मुलाशी लग्न ठरलं होतं, आणि मुलाच्या बापाने स्वच्छ सांगितलं होतं की पेटी आली तर सून आली. पेटी गेली तर मुलीला मठाशिवाय दार नव्हतं. फुल्व्हिओने मठाची गोष्ट याआधी बऱ्याचदा काढली होती. देव नवरा म्हणून फार थोड्या हुंड्यात समाधान मानतो, हे त्याला चांगलं माहीत होतं.

पेटीचं ऐकून फुल्व्हिओने कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, या घरातून सुईसुद्धा बाहेर जाता कामा नये. प्रत्येक दारावर लोकांचे डोळे आहेत. ज्याच्या घरातून सामान हललं, त्याला पोप व्हायची हाव आहे असं समजतात, आणि हाव दिसली की मतं गेली. मला हाव नाही हे दिसलं पाहिजे."

"हाव नाही, की दिसायला नको?" तिने विचारलं.

तो हसला. बहीण थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. मग तांबडा झगा सावरत, कोणी पाहत असेल नसेल या हिशोबाने मान खाली घालून, तो पायीच निघाला. एरवी हा माणूस समोरच्या चर्चमध्ये जायलासुद्धा खेचर मागायचा.

आत काय चालतं हे रोममध्ये पोरालाही माहीत असतं, फक्त कोणी चारचौघांत बोलत नाही. पोपच्या राजवाड्यातल्या दालनांत आणि देवळात कापडाचे पडदे लावून एकेका कार्डिनलला खोपटं करून देतात. देवळातली जागा, वर सगळे स्वर्ग रंगवलेले, आणि खाली म्हातारे एकमेकांच्या पडद्याला कान लावून बसलेले. मत देताना प्रत्येकाने चिठ्ठी उंच धरून वेदीपाशी जायचं आणि माझा न्याय करणाऱ्या ख्रिस्ताला साक्ष ठेवून सांगायचं, की देवापुढे जो योग्य वाटतो त्यालाच मी निवडतो आहे. ही शपथ एर्सिलियाला तोंडपाठ होती. तिच्या मते साऱ्या ख्रिस्ती जगात याहून भारी शपथ नव्हती. एक माणूस, एक चिठ्ठी, आणि समोर प्रत्यक्ष न्यायाधीश. तिच्या अंगावर अजून काटा यायचा. पण तीच शपथ सकाळी घेऊन दुपारी कोणाच्या भाच्याला कुठला मठ आणि कोणाच्या पुतण्याला कुठला किल्ला याचा बाजार मांडणारी माणसं तिने जन्मभर जेवायला वाढली होती. पवित्र आत्मा निवड करतो म्हणतात. करत असेल. मग बँकवाल्यांच्या गल्लीत रोज सकाळी नावानावावर सट्ट्याचा भाव कशाचा फुटायचा, आणि त्या आत्म्याच्या मनातलं त्या सटोडियांना आधी कसं कळायचं?

बाहेर गादी रिकामी, तुरुंग उघडे आणि ज्याच्या त्याच्या कमरेला सुरा. समोरच्या खाटकाची बायको मेनिका दुकानाच्या पायरीवर बसून आतडी साफ करता करता जुन्या गोष्टी सांगायची. आपले वाडवडील शहाणे होते, म्हणायची. व्हितेर्बो गावी एकदा या कार्डिनलांनी वर्षानुवर्षं घोळ घातला, तेव्हा गावकऱ्यांनी दारं बंद केली, जेवण भाकरी-पाण्यावर आणलं आणि डोक्यावरचं छप्परच काढलं. पाऊस पडला की आत्मा लवकर उतरतो. एर्सिलिया ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण तिला ते पटायचं.

रोज फुल्व्हिओचं जेवण टोपलीत भरून, पुढे काठी धरलेला नोकर, मागे चार जण अशा थाटात राजवाड्यावर जायचं. तिथे भिंतीतल्या फिरत्या कप्प्यातून ते आत सरकवायचे. त्याआधी पहारेकरी कोंबडी फाडून बघायचे, पोटात निरोप लपवलाय का म्हणून. उरलंसुरलं परत यायचं. एके दिवशी पाव जसाच्या तसा परत आला. तुकडाही मोडलेला नव्हता. भावाचं पोट पुन्हा बिघडलं की काय, म्हणून एर्सिलिया पावाकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात घरचा कारभारी व्हेंतुरा आत आला. पाव बघितला आणि त्याचा चेहराच पालटला. ज्या माणसाने आयुष्यात खुर्ची स्वतः ओढली नव्हती तो तबेल्याकडे पळत सुटला.

ऐन दुपारी, शहर झोपलेलं असताना, त्याने अंगणात गाडी लावली. भिंतींवरची चित्रं उतरवली. पुढे संत जेरोम होता, त्याच्यामागे पडद्यात लपवलेली व्हेनिसची उघडी बाई होती. दोघांना एकाच चादरीत गुंडाळलं. मग चांदीची ताटं, मेणबत्त्यांची झाडं, पुतळे. वरून मळके कपडे पसरले.

"हे काय?" एर्सिलियाने विचारलं.

धुलाई, व्हेंतुरा म्हणाला.

तिने पेटीकडे बोट दाखवलं. ही पण धुवायची आहे, घाला गाडीत. तो चुळबुळला. बाईसाहेब, आज्ञा फक्त चित्रांची आणि चांदीची आहे.

आत कोंडलेल्या माणसाची आज्ञा तुला कुठून आली, असं तिने विचारलं आणि विचारता विचारताच तिला कळलं. जाण्याआधीच ठरलं होतं. मतं पिकली की पाव अख्खा परत पाठवायचा. घरातून सुईसुद्धा हलू नये हा हुकूम बहिणीच्या सुईसाठी होता. माल कुठे जाणार ते तिने व्हेंतुराची कॉलर धरून वदवून घेतलं: वेशीबाहेर फुल्व्हिओचा द्राक्षमळा होता, तिथल्या दारूच्या कोठीत. पेटीला जागा नव्हती. एका संगमरवरी पोराला होती, त्याला नाकही नव्हतं.

शहर झोपलं होतं, पण मेनिका कारंज्यावर आतडी धूत होती. गाडी फाटकातून बाहेर पडली तसं तिने मान वर केली. "का रे व्हेंतुरा, कार्डिनलच्या चड्ड्या धुवायला चार घोडे लागतात?"

व्हेंतुराने घोड्यांना चाबूक मारला. तेवढं पुरे झालं. तोरेसानाच्या घरातून सामान हललं, म्हणजे तोरेसाना पोप झाला. आतून निरोप आल्याशिवाय का कोणी चांदी हलवतं? कारंज्यावरून बातमी दुकानात, दुकानातून बँकवाल्यांच्या गल्लीत गेली. तिथे तोरेसानाचा भाव असा चढला की दोन पाद्री गुद्द्यांवर आले. आणि ऊन कलायच्या आत अख्खी पेठ फाटकाशी उभी राहिली. ज्या हावेचा कोणाला वास येऊ नये म्हणून फुल्व्हिओ मान खाली घालून चालत गेला होता, ती चार घोडे जुंपून भर रस्त्यातून गेली होती.

एर्सिलिया पेटीवर बसून राहिली. लोक आले ते शिव्या देत नाही, आनंदाने आले. पोपची बहीण म्हणून तिच्या झग्याच्या काठाचं चुंबन घेत होते आणि तिच्या पायाखालचा गालिचा ओढत होते. एकाने आशीर्वाद मागितला. त्याच्या काखेत तिची तांब्याची कढई होती. ती ओरडून सांगत होती की कोणी पोप झालेला नाही, ऐका, ही पेटी कार्डिनलची नव्हेच. कोण ऐकतो. मेनिकाच्या दोन दांडग्या मुलांनी तिला दोन्ही काखांत धरून, देवाची मूर्ती हलवावी तसं अलगद उचललं आणि बाजूला ठेवलं.

"अगं बाई, रडतेस काय," मेनिका म्हणाली. "आता तुझ्या लेकीला राजपुत्र येतील मागणी घालायला. या चिंध्या काय करायच्यात तिला?" आणि पेटी गेली.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावरून तोफा झाल्या आणि नाव निघालं ते भलतंच. एक खोकणारा, अर्धा बहिरा म्हातारा. ज्यांनी आधी फुल्व्हिओला शब्द दिले होते, तेच चार घोड्यांची बातमी आत झिरपल्यावर सकाळी उठून म्हाताऱ्याच्या खोपट्याकडे धावले आणि त्याच्या पाया पडले. सगळे पाया पडले की चिठ्ठ्यांचीही गरज राहत नाही. तीही रीत आहे. वारं फिरलेलं बघून सगळ्यांत जोरात कोण धावलं, तर फुल्व्हिओ, असं नंतर कळलं. म्हाताऱ्याचा डावा पाय त्यालाच मिळाला म्हणे.

मग पेठेच्या कप्तानाने दवंडी पिटवली. पोपचं घर लुटणं ही रीत, पण तोरेसाना पोप नाही, म्हणून ही सरळ चोरी आहे. माल परत आणा, नाहीतर फास आहे. लोक कुरकुरत, जणू त्यांनाच फसवलंय अशा तोंडाने, खुर्च्या आणि कढया घेऊन फाटकाशी जमू लागले. मेनिकाची मुलं पेटी घेऊन आली. एर्सिलियाने ती लांबूनच ओळखली. आणि नेमका तेव्हाच फुल्व्हिओ कोपऱ्यावरून वळला.

त्याने आधी घर बघितलं, मग गर्दी बघितली. गर्दी बघितल्यावर तो घर विसरला. पायरीवर चढून त्याने दोन्ही हात पसरले आणि बोलायला लागला. मित्रांनो, काही परत करू नका. जे सोडायचं धैर्य मला झालं नाही ते तुम्ही माझ्याकडून सोडवलंत. प्रेषितांना कुठे घर होतं? मी गादीवर बसलो नाही, पण गादीची गरिबी मला मिळाली. चोरी झालेली नाही, हे दान आहे, मी दिलं. बायका रडायला लागल्या. कप्तानाने टोपी काढली. ज्यांच्या हातात खुर्च्या होत्या त्यांनी त्या पुन्हा डोक्यावर घेतल्या, आणि मेनिकाची मुलं पेटीसकट मागे वळली.

एर्सिलिया भावाच्या कानाशी गेली. ती पेटी तुझी नाही, दान करायला.

फुल्व्हिओच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. ओठ न हलवता तो म्हणाला, "ताई, म्हातारा दोन हिवाळे काढायचा नाही. आजचा दिवस हे लोक विसरणार नाहीत, तू मध्ये येऊन घाण करू नकोस. दियानोरा मठात सुखी राहील."

एर्सिलियाने त्याच्याकडे एकदा बघितलं. हा पोरगा तिने कडेवर खेळवला होता. मग ती पायरी उतरून थेट मेनिकाच्या समोर उभी राहिली, आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"पेटी खाली ठेव मेनिका. तुम्हाला मिळाल्या त्या खुर्च्या आणि माझ्या पोरीच्या चादरी. माझा भाऊ खरं दान देतोय ते तुम्ही अजून बघितलंच नाही. त्याची चांदी, चित्रं, पुतळे, सगळं वेशीबाहेर मळ्यातल्या दारूच्या कोठीत आहे. पोप निवडला जायच्या आधीच त्याने ते तुमच्यासाठी नीट बांधून ठेवलंय. विचारा त्याला. नको म्हणतोय का ते विचारा."

 कप्तानाने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. त्याला कायद्याने जाणून घेणं भाग होतं. त्याने आदबीने विचारलं, की महाराज, मळ्यातलं तेही दानातच धरायचं, की तिथे पहारा बसवू?

फुल्व्हिओचे हात अजून पसरलेले होते. पहारा मागावा, तर प्रेषितांची गरिबी इथेच संपत होती.  त्याची नजर बहिणीवरून कप्तानावर, कप्तानावरून रडून लाल झालेल्या बायकांवर गेली. शेवटी तो म्हणाला, "देवाची इच्छा."

मग काय विचारता. खुर्च्या, कढया, गालिचे जिथल्या तिथे टाकून पेठ वेशीच्या दिशेने उधळली, कप्तान सगळ्यांत पुढे, बहुधा सुव्यवस्था राखायला. मेनिका पळता पळता थांबली, शालीखालून एक टेबलाचं कापड काढून पेटीवर फेकलं आणि म्हणाली, की वरच्या दोन चादरी सुनेच्या बाळाला गेल्या बाई, त्या आता मागू नकोस. आणि तीही पळाली.

एर्सिलियाने झाकण उघडून पाहिलं. हिरवं रेशीम होतं. सदरे चिखलाच्या हातांनी उलटसुलट केलेले, पण धुण्याजोगे. तिने झाकण लावलं. ओर्व्हिएतोला जाणारा खेचरवाला दोन गल्ल्यांपलीकडे उतरायचा. आता पुन्हा या घराच्या उंबऱ्याआत पेटी न्यायची नाही, हे तिने ठरवून टाकलं. तिने एका बाजूची कडी धरली. दुसऱ्या बाजूला कोणीच नव्हतं. अख्ख्या रस्त्यात फक्त तांबड्या झग्यातला एक माणूस वेशीकडे बघत उभा होता.

"धर," ती म्हणाली.

आणि कार्डिनल तोरेसानाने धरली.